लेव्हल ट्रान्समीटरचं डॅम्पिंग किती ठेवायचं, आणि वाढवायच्या आधी काय बघायचं

कंट्रोल रूमच्या पॅनलवरून फोन येतो, "भाऊ, टँकची लेव्हल नाचतेय, जरा शांत करा ना." आपण कम्युनिकेटर (ट्रान्समीटरची सेटिंग बदलायचं हातातलं यंत्र) घेऊन जातो, डॅम्पिंग २ सेकंद असतं ते २० करतो, ट्रेंड एकदम गुळगुळीत होतो, ऑपरेटर खूश, आपण चहाला मोकळे. मीही अनेक वर्षं हेच केलंय. मग एकदा छोटा डे टँक (दिवसभराच्या वापरापुरता साठा ठेवणारा) वरून वाहिला, तेव्हा कुठे कागद-पेन घेऊन बसलो आणि हिशोब केला. तो हिशोब आणि आता मी डॅम्पिंग कसं ठरवतो ते इथे लिहितोय. गणित दोनच ओळींचं आहे, घाबरू नका.

आधी डॅम्पिंग करतं काय ते बघू. ट्रान्समीटर म्हणजे टँकची लेव्हल मोजून सिग्नल पाठवणारं यंत्र, त्याच्या आत एक फिल्टर असतो, तो नवीन रीडिंगवर लगेच विश्वास ठेवत नाही, जुन्या आकड्याकडून नव्याकडे हळूहळू सरकतो. आपण भरतो तो आकडा म्हणजे टाइम कॉन्स्टंट. ५ सेकंद भरले आणि लेव्हलने अचानक उडी मारली तर ५ सेकंदांनी आउटपुट त्या उडीच्या ६३ टक्क्यांपर्यंत पोचतं, १० सेकंदांनी ८६, १५ सेकंदांनी ९५, आणि पूर्ण पोचलं म्हणावं असं व्हायला २५ सेकंद लागतात. खूप जणांना वाटतं ५ भरले म्हणजे ५ सेकंदांनी खरा आकडा दिसतो. तसं नाहीये, पाचपट वेळ धरा. त्यात काही मेक ६३ टक्क्यांचा वेळ लिहितात तर काही ९० टक्क्यांचा, आणि ९० टक्के म्हणजे टाइम कॉन्स्टंटच्या २.३ पट. नावंही वेगवेगळी, कुठे डॅम्पिंग, कुठे इंटिग्रेशन टाइम, कुठे आउटपुट फिल्टर, कुठे नुसतं रिस्पॉन्स टाइम. म्हणून जुना ट्रान्समीटर काढून दुसऱ्या मेकचा लावला की आकडा डोळे झाकून कॉपी करू नका, मॅन्युअलचं ते एक पान उघडून बघा.

आता तो वाहिलेला टँक. १ मीटर डायमीटर, १.५ मीटर उंच, भरणारा पंप २० घनमीटर प्रति तास. टँकचा एरिया ०.७८५ चौरस मीटर, म्हणजे पंप चालू असताना लेव्हल सेकंदाला साधारण ७ मिमी चढते. वरून पाणी पडतं त्यामुळे आत लाटा उठायच्या, रीडिंग वर-खाली ३० मिमी हलायचं, आणि कोणीतरी (कोणीतरी म्हणजे मीच) डॅम्पिंग ३० सेकंद करून ठेवलेलं. लेव्हल एकसारखी चढत असली की फिल्टर तिच्या मागे मागे चालतो, आणि किती मागे याचा हिशोब अगदी सोपा आहे, चढायचा वेग गुणिले डॅम्पिंग. ७ गुणिले ३०, म्हणजे २१० मिमी. हाय ट्रिप (लेव्हल इथे पोचली की पंप आपोआप बंद) ८५ टक्क्यांवर, म्हणजे १२७५ मिमीवर. पॅनलवर १२७५ दिसलं आणि पंपाला बंदची कमांड गेली तेव्हा खरी लेव्हल होती १४८५. काठ १५०० वर. उरले १५ मिमी, म्हणजे जेमतेम दोन सेकंद, आणि पंप थांबून लाइनमधलं पाणी येणं बंद व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. वाहिला. ट्रान्समीटर चेक केला तर कॅलिब्रेशन एकदम परफेक्ट, कारण कॅलिब्रेशन करताना लेव्हल स्थिर असते, आपण आकडा सेटल व्हायची वाट बघतो, आणि डॅम्पिंगची चूक स्थिर लेव्हलला दिसतच नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण कॅलिब्रेशन रिपोर्ट हिरवा असतो आणि टँक तरीही वाहतो, आणि मग सगळे पंपाच्या कॉन्टॅक्टरवर संशय घेत बसतात.

हेच ३० सेकंद १० मीटर डायमीटरच्या टँकला ठेवले असते तर? त्याच पंपाने तिथे लेव्हल तासाला २५५ मिमी चढते, सेकंदाला ०.०७ मिमी. ३० सेकंदांत मागे राहणार फक्त २ मिमी. कोणाला कळणारही नाही. म्हणून "लेव्हलला किती डॅम्पिंग ठेवायचं" असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, टँक केवढा आणि पंप केवढा. ते माहीत नसताना दिलेला आकडा म्हणजे अंदाजपंचे.

तर पहिलं काम हे. जास्तीत जास्त वेगाने लेव्हल किती चढते किंवा उतरते ते काढा, दोन पंप एकदम चालू शकत असतील तर दोन्ही धरा, आडवा टँक असेल किंवा खाली कोन असेल तर जिथे एरिया सगळ्यात कमी तिथला वेग धरा. मग ठरवा की किती मिमी मागे राहिलं तर चालेल. हा आकडा ट्रिप आणि काठ यांच्यातल्या अंतरावरून काढा, त्यातून पंप थांबेपर्यंत लेव्हल जेवढी चढते तेवढं वजा करा, आणि उरलेल्याचा छोटासाच भाग डॅम्पिंगला द्या. तो भाग भागिले वेग, हे तुमचं डॅम्पिंगचं वरचं टोक. माझ्या टँकला मी ३० मिमी दिले, ३० भागिले ७, झाले साधारण ४ सेकंद.

आता दुसऱ्या बाजूने बघायचं, की ४ सेकंदांत नाचणं थांबेल का. इथे मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं होतं. लाट एका ठरावीक तालात हलत असेल तर फिल्टर तिला किती पट लहान करतो त्याचा ढोबळ हिशोब असा, ६ गुणिले डॅम्पिंग भागिले लाटेचा एक फेरा पूर्ण व्हायला लागणारा वेळ. (डॅम्पिंग त्या वेळेपेक्षा बरंच मोठं असेल तरच हे लागू.) १ मीटरच्या टँकमध्ये पाणी इकडून तिकडे हेलकावतं त्याचा फेरा जवळपास १ सेकंदाचा असतो, ३ मीटरच्या टँकमध्ये १.८ सेकंद, १० मीटरच्या टँकमध्ये सव्वातीन सेकंद, अर्थात टँक बऱ्यापैकी भरलेला असेल तर, अगदी तळाला पाणी असेल तर हेलकावा हळू होतो. म्हणजे माझ्याकडे ६ गुणिले ४ भागिले १, चोवीसपट कमी. ३० मिमीची लाट सव्वा मिमीची होते. १५०० मिमीच्या टँकमध्ये सव्वा मिमी! ३० सेकंदांची काही गरजच नव्हती, ४ सेकंदांत तेच काम झालं असतं. खऱ्या ट्रेंडमध्ये एवढं स्वच्छ गणित नसतं, त्यात हळू हलणारा भागही थोडा असतो तो एवढा कमी होत नाही, पण सुरुवात कुठून करायची ते यातून कळतं.

अ‍ॅजिटेटर असेल तर त्याचा फेरा मोजा. ३० आरपीएम म्हणजे एक फेरा २ सेकंदांचा, आणि चार ब्लेड असतील तर दर अर्ध्या सेकंदाला एक ब्लेड समोरून जातं, म्हणजे नाचण्यात दोन्ही ताल मिसळलेले असू शकतात. २ सेकंदांच्या तालावर ५ सेकंद डॅम्पिंग पंधरापट कमी करतं, तेवढं बहुतेक पुरतं.

पण हे सगळं करायच्या आधी, नाचतंय ते काय आहे ते बघा. मला विचाराल तर या कामातला अर्धा वेळ इथेच घालवायला हवा आणि आपण नेमकं हेच टाळतो. ट्रेंड उघडा, पण हिस्टोरियनचा (जुने आकडे साठवणाऱ्या सिस्टीमचा) जुना ट्रेंड नको, त्यात कॉम्प्रेशन असतं आणि मधले पॉइंट गाळलेले असतात, लाट दिसायची ती सरळ रेघ दिसते. लाइव्ह ट्रेंड लावा, सेकंदाला एक पॉइंट किंवा त्याहून जलद, डॅम्पिंग तात्पुरतं कमीत कमी करा, आणि १०-१५ मिनिटं नुसतं बघत बसा. अ‍ॅजिटेटर बंद करून बघा, भरणं बंद करून बघा, शेजारच्या ड्राइव्हची मोटर बंद असताना बघा. यातून सहसा कळतंच.

रेघ दोन ठरावीक आकड्यांमध्ये उड्या मारत असेल, समजा ६२ आणि ४८, मध्ये काहीच नाही, तर ती लाट नाहीये. रडार किंवा अल्ट्रासॉनिक ट्रान्समीटर (वरून लहर सोडून परत येणाऱ्या इकोवरून लेव्हल मोजणारा) कधी खरा इको धरतोय तर कधी अ‍ॅजिटेटरच्या ब्लेडचा नाहीतर शिडीचा. इथे डॅम्पिंग वाढवलं तर ते दोघांच्या मध्ये कुठेतरी छान स्थिर ५५ दाखवेल, आणि ५५ वर लेव्हल कधी नव्हतीच. नाचणारा आकडा निदान सांगत तरी होता की काहीतरी बिघडलंय. इथे इको कर्व्ह बघायचा, खोट्या इकोचं मॅपिंग करायचं, म्हणजे ते कुठले हे ट्रान्समीटरला शिकवून दुर्लक्ष करायला लावायचं (टँक शक्य तितका रिकामा असताना, भरलेल्या टँकमध्ये मॅपिंग केलं तर खरा इकोच खोटा म्हणून मिटवून बसाल), नोझल लांब आणि अरुंद असेल तर ते बघायचं, जमलं तर स्टिलिंग वेल (आत पाणी शांत राहतं अशी उभी नळी).

डीपी ट्रान्समीटरची (दोन ठिकाणच्या प्रेशरच्या फरकावरून लेव्हल काढणाऱ्या ट्रान्समीटरची) रेघ अधूनमधून एकदम टोक काढत असेल तर इम्पल्स लाइनमध्ये (टँकचं प्रेशर सेन्सरपर्यंत आणणाऱ्या बारीक नळीत) हवेचा बुडबुडा किंवा गॅस असेल, ओल्या लेगची (मुद्दाम लिक्विडने भरून ठेवलेल्या दुसऱ्या नळीची) लेव्हल कमीजास्त होत असेल. ते व्हेंट करून, लेग भरून सुटतं. उलटं, रेघ अचानक फारच शांत झाली तर खूश होऊ नका, लाइन चोक होत असताना आधी हेच होतं, प्रोसेसमधली बारीक थरथर सेन्सरपर्यंत पोचेनाशी होते. ज्या ट्रान्समीटरला आधीच ६० सेकंद डॅम्पिंग आहे तिथे ही खूण कधी दिसणारच नाही, कारण चोक लाइन आणि जड डॅम्पिंग ट्रेंडवर सारखेच दिसतात.

अगदी बारीक, दाट, कायम एकसारखी खरखर असेल आणि टँक स्थिर असतानाही तशीच असेल तर केबलचं शील्ड दोन्ही टोकांना अर्थ झालंय का, केबल पॉवर केबलच्याच ट्रेमधून नेलीय का, टर्मिनल सैल आहे का, ग्लँडमधून पाणी शिरलंय का, हे बघा. फेस असेल तर तो वेगळाच विषय, डॅम्पिंगने फेस जात नाही. आणि बॉयलर ड्रमची लेव्हल स्टीमचा लोड वाढला की वर उसळते आणि मग खाली येते, ते खरंच ड्रमच्या आत घडत असतं, त्याला नॉइज समजून फिल्टर मारू नका, त्यासाठी तीन एलिमेंटचं (लेव्हल, स्टीमचा फ्लो आणि पाण्याचा फ्लो तिन्ही बघणारं) कंट्रोल असतं.

हे सगळं बघून झालं, खरीच लाट आहे असं पटलं, की मग डॅम्पिंगला हात.

जायच्या आधी पॅनलवर सांगा आणि लूप (लेव्हल बघून व्हॉल्व्ह आपोआप हलवणारं कंट्रोल) मॅन्युअलला घ्यायला लावा. हे कंटाळवाणं वाटतं पण काही ट्रान्समीटर कॉन्फिगरेशन लिहिताना आउटपुट क्षणभर धरून ठेवतात किंवा हलवतात, आणि लूप ऑटोमध्ये असेल तर व्हॉल्व्ह धावतो. त्या सिग्नलवर ट्रिप असेल तर परमिट, बायपास, जे काही तुमच्याकडे असेल ते रीतसर. सेफ्टी लूपच्या ट्रान्समीटरचं डॅम्पिंग तर कोणी फोनवर सांगितलं म्हणून बदलूच नका, ट्रिपला मिळणाऱ्या वेळेत तो उशीर मोजलेला असतो, बदल लेखी मंजूर झाला पाहिजे. माझं स्पष्ट मत आहे की कंट्रोलचा आणि ट्रिपचा ट्रान्समीटर वेगळाच असावा, कंट्रोलवाल्याला हवं तेवढं शांत करा, ट्रिपवाल्याला जमेल तितकं कमी डॅम्पिंग.

हार्ट कम्युनिकेटर (सिग्नलच्या तारांवरूनच ट्रान्समीटरशी बोलणारा) जोडताना त्या तारांच्या लूपमध्ये किमान २३० ओहम हवेत, आपण सहसा २५० चा रेझिस्टर वापरतो, आणि क्लिप अशा लावा की पॉवर सप्लाय आणि कम्युनिकेटर यांच्या मध्ये तो रेझिस्टर येईल, नाहीतर कम्युनिकेटर डिव्हाइस शोधतच बसतो आणि आपण बॅटरीला शिव्या घालतो. हझार्डस एरियात कम्युनिकेटर त्या झोनचा आहे ना ते बघा. मग डिव्हाइस उघडला की आधी आत्ताचा आकडा वहीत लिहा. बदलल्यावर "आधी किती होतं" हे कोणालाच आठवत नसतं. डॅम्पिंग सहसा बेसिक सेटअपमध्ये किंवा आउटपुटच्या मेनूत मिळतं. लिहून जात नसेल तर राइट प्रोटेक्टचा स्विच किंवा जंपर चालू असेल, काम झाल्यावर तो परत होता तसा करा, हे नेहमी राहून जातं.

रडार आणि अल्ट्रासॉनिकमध्ये डॅम्पिंगच्या शेजारी आणखी एकदोन गोष्टी लपलेल्या असतात. एक म्हणजे इकोचं अ‍ॅव्हरेजिंग, दुसरं म्हणजे लेव्हल जास्तीत जास्त किती वेगाने बदलू शकते याची मर्यादा. ही मर्यादा खऱ्या भरण्याच्या वेगापेक्षा कमी ठेवली तर ट्रान्समीटर खऱ्या लेव्हलच्या मागे पडत जातो आणि कधी इकोच हरवतो, आणि वर आपण डॅम्पिंग कमी कमी करत बसतो तरी फरक पडत नाही. डॅम्पिंग शून्य केलं तरी आउटपुट ढिलं वाटतंय म्हणजे बहुतेक हेच. इको हरवला तर आउटपुट किती वेळ धरून ठेवायचं हा टायमर वेगळा, त्याचा आणि डॅम्पिंगचा गोंधळ करू नका.

मग पुढे पीएलसीत (ट्रान्समीटरचा सिग्नल घेऊन पंप-व्हॉल्व्ह चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) बघा. हा भाग सगळे विसरतात. ट्रान्समीटरमध्ये ५ सेकंद, इनपुट कार्डमध्ये फिल्टर, प्रोग्रॅममध्ये कोणीतरी टाकलेलं शेवटच्या २० रीडिंगचं अ‍ॅव्हरेज, वर स्काडाच्या (ऑपरेटरच्या स्क्रीनच्या सॉफ्टवेअरच्या) टॅगला पुन्हा स्मूदिंग. चढत्या लेव्हलला या सगळ्यांचा उशीर बेरजेत लागतो. एका ठिकाणी मी ट्रान्समीटरचं डॅम्पिंग १ सेकंदावर आणलं तरी पॅनल ३०-४० सेकंद मागेच, शोधत शोधत गेलो तर प्रोग्रॅममध्ये एक जुना ब्लॉक निघाला, ज्याच्यासमोर कॉमेंट होती "टेम्पररी". शक्यतो एकाच जागी फिल्टर ठेवा, आणि ती जागा मी ट्रान्समीटरच ठरवतो, कारण पीएलसी अर्ध्या-एका सेकंदाने एकदा बघत असेल आणि लाट त्याहून जलद असेल तर पीएलसीला चुकीच्याच क्षणांचे आकडे मिळतात आणि त्यातून हळू हलणारी एक खोटी लाट तयार होते, जी नंतर कितीही फिल्टर मारला तरी जात नाही. जलद लाट आकडा घेण्याच्या आधीच मरायला हवी. ऑपरेटरला फक्त शांत आकडा बघायला हवा असेल तर डिस्प्लेसाठी वेगळा टॅग करून त्याला स्मूदिंग द्या, कंट्रोल आणि अलार्म मूळ टॅगवर राहू द्यात.

भरलेला आकडा खरंच लागू झाला का ते तपासायचं असेल तर डीपीला सोपं आहे. मॅनिफोल्डवर ट्रान्समीटर प्रोसेसपासून आयसोलेट करा, हँडपंपाने अर्ध्या रेंजएवढं प्रेशर द्या, १२ मिलिअँप (सिग्नल ४ ते २० चा, त्याच्या मधोमध) स्थिर होऊ द्या, मग एकदम व्हेंट करा आणि स्टॉपवॉच दाबा. करंट ४ कडे घसरायला लागतो, तो साधारण ६.९ मिलिअँपला पोचला की थांबवा. तो वेळ म्हणजे तुमचा टाइम कॉन्स्टंट. ८ मिलिअँपचं अंतर होतं, त्यातलं ६३ टक्के कापलं की ६.९ येतं. ट्रान्समीटरचा स्वतःचा थोडा उशीर त्यात मिसळतो, त्यामुळे ४ भरले असतील तर ४.३ वगैरे आलं तरी ठीक. मात्र ओल्या लेगच्या ट्रान्समीटरला हे करताना लेग रिकामा होणार नाही हे आधी बघा, इक्वलायझिंग व्हॉल्व्ह (दोन्ही बाजू एकमेकींना जोडणारा) चुकून उघडला तर लेगमधलं लिक्विड टँकमध्ये जातं आणि मग पुढचा तास तो भरण्यात. आणि कम्युनिकेटरवरून लूप टेस्ट करून डॅम्पिंग तपासायला जाऊ नका, लूप टेस्टमध्ये करंट थेट आउटपुटला बसवला जातो, तो फिल्टरमधून जातच नाही, आकडा टुणकन उडी मारतो आणि वाटतं डॅम्पिंग लागलंच नाही. रडारला हे शक्य नाही, तिथे पंप चालू झाल्याची वेळ आणि रेघ वळल्याची वेळ ट्रेंडवर शेजारी शेजारी ठेवून बघतो.

लूप परत ऑटोला देताना एक गोष्ट. डॅम्पिंग बदललं म्हणजे कंट्रोलरला दिसणारी प्रोसेस बदलली. वाढवलं असेल तर लूपला उशीर वाढला, जुना गेन (लेव्हल हलली की कंट्रोलर किती जोरात हलतो तो आकडा) आता जास्त पडू शकतो आणि जो लूप नीट होता तो हळू हळू हेलकावे द्यायला लागतो, मिनिटामिनिटाचे. मग ऑपरेटर पुन्हा फोन करतो की लेव्हल अजून नाचतेय, आणि आपण डॅम्पिंग आणखी वाढवतो, आणि हंटिंग (हे हेलकावे) आणखी वाढतं. हे चक्र मी पाहिलंय, तिसऱ्या फोनपर्यंत डॅम्पिंग ९० सेकंदांवर गेलेलं होतं. ओळखायची खूण सोपी आहे, लूप मॅन्युअलला घ्या, नाचणं थांबलं तर दोष बहुतेक ट्यूनिंगचा, मॅन्युअलमध्येही तसंच राहिलं तर सिग्नलचा किंवा प्रोसेसचा. डेरिव्हेटिव्ह (कंट्रोलरचा बदलाच्या वेगावर हलणारा भाग) वापरत असाल तर लेव्हलच्या लूपमध्ये तो काढून टाका, नॉइजला सगळ्यात जास्त तोच उचलून व्हॉल्व्हवर टाकतो. आणि ज्या टँकचं काम फक्त पुढच्या युनिटला एकसारखा फ्लो देणं आहे तिथे लेव्हल थोडी हलली तरी हलू द्या, गेन कमी करा, डॅम्पिंगला हात लावायची गरजच पडत नाही.

बदल करून झाल्यावर एक पूर्ण भरणं आणि एक पूर्ण रिकामं करणं स्वतः उभं राहून बघा, गेज ग्लास (टँकची लेव्हल डोळ्यांना दाखवणारी काचेची नळी) असेल तर त्याच्याशी आकडा जुळवत. माझ्या त्या डे टँकला ४ सेकंद लावून पंप चालू केला, गेज ग्लासपाशी मी आणि पॅनलवर दुसरा, रेडिओवर आकडे बोलत होतो. चढताना पॅनल २५ ते ३० मिमी मागे, पंप थांबल्यावर २० सेकंदांत दोघांचा आकडा एक. पॅनलवाला म्हणाला, "रेघ जराशी थरथरतेय बरं का." म्हटलं, थरथरू दे. वहीत लिहिलं, आधी ३०, आता ४, भरण्याचा वेग ७ मिमी प्रति सेकंद, आणि तोच वेग ट्रान्समीटरच्या झाकणाच्या आत एका स्टिकरवर लिहून ठेवला, कारण उद्या कोणी मोठा पंप बसवला की हा ४ पण जास्त होणार आहे.